नवख्या ब्यूटिशियनच्या हातातील बीन्स वॅक्स : बिकिनी वॅक्सिंगसाठी एक परीक्षण

आमच्या नाशिकच्या पार्लरमध्ये बिकिनी वॅक्ससाठी, म्हणजे जांघेतील केस काढण्यासाठी, आता केवळ बीन्स वॅक्स, म्हणजे कापडी किंवा कागदी पट्टीशिवाय ओढून काढले जाणारे दाणेदार हार्ड वॅक्स, वापरले जाते. यामागे ग्राहकांची सोय हे कारण होतेच, परंतु त्याहून मोठे कारण होते ते कोर्स पूर्ण करून माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलींचे. या मुली हातापायांचे वॅक्स झपाट्याने करतात, आयब्रो आणि फेशियलमध्येही त्यांचा हात बसलेला असतो. मात्र बिकिनी वॅक्सची अपॉइंटमेंट आली, की ती दुसऱ्या कोणीतरी घ्यावी म्हणून त्या एकमेकींकडे पाहू लागतात. त्यात त्यांचा दोष नाही. हा भाग अनेक वर्गांमध्ये तोंडी सांगून संपवला जातो, कारण त्यासाठी मॉडेल मिळत नाही आणि शिकवणाऱ्यालाही संकोच वाटतो. म्हणून येथे मी एखाद्या विशिष्ट कंपनीच्या पाकिटाविषयी लिहीत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे बीन्स वॅक्स वापरून पाहिल्यावर, नव्या हाताला हे साधन कितपत साथ देते, एवढाच विचार केला आहे. माझे मत असे, की बिकिनी वॅक्स शिकण्यासाठी याहून चांगले माध्यम माझ्या पाहण्यात नाही. परंतु जे पाकिटावर छापलेले नसते, ते जाणून घेतल्यावाचून हे वॅक्स वापरणे धोक्याचे आहे.

प्रथम साध्या पट्टीच्या वॅक्सची अडचण लक्षात घ्यायला हवी. जांघेतील केस राठ असतात, त्यांची मुळे खोल असतात आणि ते एका दिशेने वाढत नाहीत. वरच्या भागात ते साधारणपणे खाली आणि मध्याकडे वळलेले असतात, तर जांघेच्या घडीपाशी बोटभर अंतरातच त्यांची दिशा बदलते. तिथली त्वचा पातळ, सैल आणि घाम धरणारी असते. पट्टीचे वॅक्स केसांइतकेच त्वचेलाही चिकटते, त्यामुळे पहिल्या ओढीत केस निघाले नाहीत म्हणून त्याच जागी पुन्हा वॅक्स लावले, की सालपट निघण्याची भीती असते. अनुभवी हात ही चूक होऊ देत नाही, कारण त्याची पहिलीच ओढ नेमकी असते. नवख्या मुलीची पहिली ओढ नेमकी नसते, आणि दुसरी संधी नाही हे तिला ठाऊक असल्यामुळे तिचा हात आणखीच अवघडतो.

बीन्स वॅक्समध्ये राळेचे घटक, मेण किंवा त्यांच्या जोडीला लवचीक पॉलिमर असतात. ते गरम असताना केसांभोवती पसरते आणि थंड होताना आकसून केसांना घट्ट पकडते. खाली तेलाचा अगदी पुसट हात फिरवलेला असेल तर त्वचेला मात्र ते फारसे धरून राहत नाही. त्यामुळे काही केस राहिले तरी, त्वचा लाल झालेली नसल्यास, त्या जागी आणखी एकदा वॅक्स लावता येते. एकदाच, हे मी मुलींना बजावून सांगते. त्यानंतर राहिलेले चार केस चिमट्याने काढावेत.

या वॅक्सचा सर्वांत मोठा गुण मला जाणवला तो वेगळाच. वॅक्स लावणे आणि ओढणे या दोन क्रियांमध्ये ते थोडी उसंत देते. पट्टीच्या वॅक्समध्ये लावणे, दाबणे आणि ओढणे हे सलग उरकावे लागते. इथे मात्र थर घट्ट होईपर्यंत थांबणे भागच असते, आणि त्या अवधीत नवखी मुलगी डावा हात कुठे ठेवायचा, त्वचा कोणत्या बाजूला ताणायची आणि ओढ कोणत्या दिशेला घ्यायची, हे मनात पक्के करू शकते. नवशिक्या हाताकडून इजा होते ती बहुधा घाईमुळे किंवा कचरण्यामुळे. ओढताना मध्येच हात मंदावला, की केस मुळापासून न निघता त्वचेच्या पातळीवर तुटतो, वेदना तर पूर्ण होते, आणि पुढे तोच केस आत वळून केसतोड होण्याची शक्यता वाढते. विचार करण्याचा वेळ ओढण्यापूर्वीच मिळाला, तर ओढताना हात कचरत नाही. आत्मविश्वासाचा संबंध मी याच गोष्टीशी जोडते.

आता हीटरविषयी, कारण वॅक्स चांगले असूनही काम बिघडते ते बहुधा इथे. बाजारातील स्वस्त हीटरच्या बटणावर आकडे असतात, पण त्या आकड्यांवर विसंबून राहता येत नाही. भांडे कडेने आणि तळाने तापते, त्यामुळे कडेचे वॅक्स पातळ होऊन फार तापलेले असते, तेव्हा मध्यभागी अजून दाणे दिसत असतात. नवी मुलगी मध्यभागी पाहते, वॅक्स अजून तयार नाही असे समजून उष्णता वाढवते आणि मग स्पॅच्युला, म्हणजे वॅक्स लावायची चपटी काडी, कडेला बुडवते; चटका बसतो तो असा. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी आहे, की दाणे पूर्ण विरघळले की उष्णता कमी करायची, तळापासून ढवळायचे आणि वॅक्स घट्ट मधासारखे संथ पडू लागेपर्यंत थांबायचे. त्यानंतर ब्यूटिशियनने ते प्रथम स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला आणि मग ग्राहकाच्या मांडीवर थेंबभर लावून विचारायचे. ही चाचणी प्रत्येक ग्राहकाच्या वेळी व्हायलाच हवी, मग भांडे सकाळपासून त्याच बटणावर का असेना. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत वॅक्स स्पॅच्युलावरच आळू लागते आणि थर ठिसूळ होतो. मे महिन्यात घामामुळे तेच वॅक्स चिवट राहते, सुटत नाही. पाकिटावरील सूचना बारा महिने सारख्याच असतात, ऋतूप्रमाणे हात बदलावा लागतो.

लावण्याची रीत मी सविस्तर सांगते, कारण पाकिटावरच्या चार चित्रांवरून ती कळत नाही. केस 6 मिलिमीटरच्या आसपास असावेत. त्याहून बरेच लांब असतील तर आधी कात्रीने बेताने कापून घ्यावेत, आणि आखूड असतील तर ग्राहकाला काही दिवसांनी बोलवावे, कारण वॅक्सला पकडायला काही मिळाले नाही तर त्रास तेवढा होतो आणि काम होत नाही. जागा स्वच्छ पुसून पूर्ण कोरडी करावी आणि तेलाचे बोट फिरवून जास्तीचे टिपून घ्यावे. तेल अधिक झाले तर वॅक्स केसालाही धरत नाही. वॅक्सचा पट्टा दोन बोटे रुंद आणि एका बोटाएवढा लांब, इतकाच घ्यावा. मोठा पट्टा घेतला की काम लवकर होते हा नवशिक्यांचा समज असतो, परंतु मोठ्या पट्ट्याखाली केसांच्या दोन दिशा येतात आणि त्यांतील एका दिशेचे तरी केस तुटतात. वॅक्स केसांच्या वाढीच्या दिशेने पसरावे आणि ज्या टोकाकडून ओढायचे तिथे कड थोडी जाड ठेवावी, म्हणजे पकडायला तोंड मिळते. कड पातळ राहिली तर पट्टा मध्येच तुटतो आणि उरलेला तुकडा नखाने खरवडत बसावे लागते, जे ग्राहकाला ओढीपेक्षाही नकोसे वाटते.

थर केव्हा ओढायचा हे घड्याळ सांगत नाही. ताजा थर चकाकतो. थोड्या वेळाने त्याची चकाकी मंदावते आणि बोटाच्या पेराने हलकेच स्पर्श केला तर तो चिकटत नाही, पण वाकवला तर तडकतही नाही. हीच वेळ. डाव्या हाताने पट्ट्याच्या तोंडाजवळची त्वचा घट्ट ताणायची, उजव्या हाताने तोंड पकडायचे आणि केसांच्या वाढीच्या उलट दिशेने, त्वचेला समांतर, एका दमात ओढायचे. वर उचलून ओढले तर त्वचाही वर येते आणि निळसर वळ उठतो. ओढ संपताक्षणी हातमोज्यातला तळवा त्या जागेवर दाबून ठेवायचा. हा दाब लहानसा वाटतो, पण वेदना शमते ती त्यानेच, आणि ही ब्यूटिशियन आपली काळजी घेते आहे हे ग्राहकाला समजते तेही त्यानेच. त्वचा ताणण्यासाठी ग्राहकाच्या हाताची मदत अवश्य घ्यावी. ‘ताई, इथे तळहात ठेवून वरच्या बाजूला ओढून धरा’ असे स्पष्ट सांगितले, की तिलाही आपण नुसत्या पडून नाही असे वाटते आणि तिचे अंग सैल होते.

माझ्याकडील एक मुलगी सुरुवातीला प्रत्येक ओढीनंतर ग्राहकाच्या चेहऱ्याकडे पाहायची आणि ‘खूप दुखलं का?’ असे विचारायची. हेतू चांगला होता, पण त्या प्रश्नाने ग्राहकाचे लक्ष पुन्हा वेदनेकडेच जात असे. मी तिला चेहऱ्याऐवजी हातातील पट्टा उलटून पाहायला सांगितले. बीन्स वॅक्सचा निघालेला पट्टा हा त्या ओढीचा पुरावा असतो. त्याच्या खालच्या बाजूला केस उभे दिसतात. प्रत्येकाच्या टोकाला मुळाचा बारीक कंद असेल तर ओढ बरोबर झाली, आणि टोके नुसतीच कापल्यासारखी दिसत असतील तर ताण कमी पडला किंवा दिशा चुकली. पट्टा वाचायची सवय लागल्यावर ती मुलगी स्वतःच म्हणू लागली, ‘ताई, इथे दिशा बदलते आहे, पट्टा आणखी लहान घेते.’ भीतीची जागा निरीक्षणाने घेतली, आणि ही सोय अपारदर्शक कापडी पट्टीवर इतक्या स्पष्टपणे मिळत नाही. याच कारणाने मी शिकणाऱ्यांसाठी गडद रंगाचे किंवा चमकीचे वॅक्स न घेता फिक्या, अर्धपारदर्शक रंगाचे वॅक्स घेते.

सराव कशावर करावा, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. माझ्या मते बिकिनी वॅक्सची खरी पूर्वतयारी काखेवर होते. काखेतही केस राठ असतात, त्वचा सैल असते आणि दिशा दोन-तीन असतात. शिवाय मैत्रिणी आणि बहिणी तिथे सरावासाठी सहज तयार होतात. काखेत हात स्थिरावला की केवळ बिकिनी लाइन, म्हणजे अंतर्वस्त्राच्या कडेबाहेर येणारा भाग, आणि त्यानंतर फुल बिकिनी, म्हणजे त्या भागातील सर्व केस, असा क्रम ठेवावा. नुसत्या पायांवर सराव करून थेट फुल बिकिनी हाती घेणे मला मान्य नाही, कारण पायाची त्वचा स्वतःच ताणलेली असते आणि त्यामुळे डावा हात काही शिकतच नाही.

पाकिटांवर ज्याचा उल्लेखही सापडत नाही, ती गोष्ट म्हणजे ग्राहकाला आधी विचारायचे प्रश्न. आपल्याकडे जांघेत नायटा होण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि त्यावर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून महिनोन्‌महिने लावणाऱ्या स्त्रियाही पुष्कळ आहेत. अशा मलमाने खाज थांबते, पण त्वचा पातळ होत जाते आणि वॅक्सबरोबर निघून येऊ शकते. काळवंडलेल्या जांघेसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक क्रीममध्येही स्टेरॉइड आणि त्वचा नाजूक करणारे ट्रेटिनॉइन असते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्या काळात आणि गोळ्या बंद केल्यानंतरही किमान 6 महिने वॅक्स करू नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. म्हणून ‘काही त्रास आहे का?’ असा मोघम प्रश्न पुरत नाही. ‘या भागाला कोणते मलम लावता का, त्वचेसाठी कोणत्या गोळ्या चालू आहेत का, रक्त पातळ होण्याचे औषध घेता का, मधुमेह आहे का, पूर्वी वॅक्सने पुरळ आली होती का’ असे एकेक विचारावे लागते. फोड, जखम, नागीण किंवा खाजरे चट्टे दिसले तर वॅक्स न करता त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. नव्या मुलीला नकार देणे सर्वांत कठीण जाते. ग्राहक नाराज होईल, मालकीणबाई रागावतील, असे तिला वाटते. पार्लर चालवणाऱ्यांनी तिला हे स्पष्ट सांगून ठेवले पाहिजे, की अशा नकाराबद्दल तिला कधीही बोल लावला जाणार नाही.

प्रसूतीची तारीख जवळ आल्यावर ‘हॉस्पिटलमध्ये लागतं’ म्हणून वॅक्स करून घ्यायला येणाऱ्या ग्राहकही असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सिझेरियनसारख्या कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी केस काढूच नयेत, आणि अगदी आवश्यक असेल तर क्लिपरने, म्हणजे केस कापण्याच्या यंत्राने, कापावेत. त्यामुळे अशा वेळी मी त्यांना आधी आपल्या डॉक्टरांना विचारायला सांगते. गरोदरपणात त्या भागातील रक्तपुरवठा वाढलेला असतो, वेदनाही अधिक होते, आणि तेवढी वेदना केवळ गैरसमजापोटी कोणी सोसू नये असे मला मनापासून वाटते. हे केस म्हणजे अस्वच्छता, असे ब्यूटिशियनने कधीही सुचवू नये. ग्राहकाला ते नको आहेत एवढे कारण पुरेसे आहे.

खोलीतील शिस्तही तितकीच महत्त्वाची आहे. दाराला आतून कडी, अंगावर स्वच्छ चादर, डिस्पोजेबल अंतर्वस्त्र, आणि ब्यूटिशियनचा मोबाइल खोलीबाहेर. कोणता भाग, किती, हे काम सुरू होण्यापूर्वी शब्दांत ठरवून घ्यावे, आणि ग्राहकाने हात वर केला की काम थांबेल हेही आधीच सांगावे. शिकाऊ मुलगी निरीक्षणासाठी खोलीत येणार असेल तर ग्राहकाने कपडे बदलण्यापूर्वीच तिची परवानगी घ्यावी; चादरीखाली पडलेल्या बाईला विचारलेल्या परवानगीला नकार देणे तिला अवघड जाते.

उत्पादनाचे दोषही सांगितले पाहिजेत. बीन्स वॅक्स महाग पडते. फुल बिकिनीसाठी साधारण 50 ते 100 ग्रॅम लागते आणि नवख्या हाताला त्याहूनही अधिक. वेळ जास्त जातो. सुगंधी प्रकारांतील सुगंध या भागाला सोसतोच असे नाही, आणि राळेच्या घटकाची काहींना ॲलर्जी असते, त्यामुळे पहिल्या वेळी आदल्या दिवशी चाचणी घेणे योग्य. पॉलिमर कमी असलेले स्वस्त वॅक्स थंड होताच तडकते, आणि त्याचे तुकडे वेचताना सगळी उसंत वाया जाते. परंतु माझी खरी तक्रार आहे ती लेबलांविषयी. सौंदर्यप्रसाधन नियम 2020 नुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, मुदत आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक, तर आयात मालावर नोंदणी क्रमांक, लेबलवर असणे अपेक्षित आहे. ऑनलाइन मागवलेल्या सुट्या पाकिटांवर अनेकदा यांतील काहीच नसते, फक्त गुळगुळीत पायांचे चित्र असते. असे पाकीट कितीही स्वस्त असले तरी मी शिकणाऱ्या मुलीच्या हाती देत नाही.

वॅक्स महाग म्हणून वापरलेले पट्टे वितळवून, गाळून पुन्हा वापरण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, त्याला मी अक्षम्य मानते. या भागात केस निघताना रक्ताचे बारीक ठिपके येतात, आणि भांड्याची उष्णता जंतू मारण्याइतकी नसते. याच कारणाने एकदा त्वचेला लागलेला स्पॅच्युला पुन्हा भांड्यात जाता कामा नये. लाकडी स्पॅच्युला स्वस्त मिळतात. प्रत्येक वेळी नवा घ्यावा, नाहीतर त्या ग्राहकापुरते वॅक्स वेगळ्या लहान वाटीत काढून घ्यावे आणि उरलेले टाकून द्यावे. सुन्न करणारी क्रीम मोठ्या भागावर थापण्याची पद्धतही मला धोक्याची वाटते, कारण तिच्यातील औषध शरीरात शोषले जाते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती वापरू नये.

नंतरच्या काळजीचा कागद आम्ही मराठीत छापून घेतला आहे: 24 ते 48 तास गरम पाण्याने अंघोळ, पोहणे, व्यायाम, शरीरसंबंध आणि घट्ट कपडे टाळावेत, सैल सुती कपडे वापरावेत, खाजवू नये, आणि दोन-तीन दिवसांनंतर हलक्या हाताने मृत त्वचा काढावी. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर साधी जळजळही मागे काळसर डाग ठेवून जाऊ शकते, म्हणून हा कागद गोऱ्या त्वचेसाठी लिहिलेल्या परदेशी सूचनांपेक्षा आपल्याकडे अधिक आवश्यक आहे.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी एकदम किलोचे पाकीट न घेता लहान पाकीट घ्यावे, सुगंधविरहित आणि कमी तापमानाला वितळणारे निवडावे, आणि हीटर घेताना आतले भांडे बाहेर काढून धुता येते का, हे पाहावे. पहिल्या पाकिटातील बरेचसे वॅक्स मनगटावर, मांडीवर आणि मैत्रिणींच्या काखेत संपेल. तो खर्च प्रशिक्षणाच्या फीमध्येच धरावा.